फाल्गुनातल्या शिंका: बेगमी, परसबाग आणि पाण्याचं आवर्तन

मी परागकणांवर पीएचडी करते हे कळलं की बारामती-इंदापूरकडचे नातेवाईक हमखास एकच प्रश्न विचारतात. "अगं, मग एवढं सांग की, होळी आली की मलाच का इतक्या शिंका येतात?" विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. मावशी, काकू, वहिनी, आजी. आणि शिंका सुरू होतात त्या नेमक्या वर्षाच्या बेगमीच्या दिवसांत. नवा गहू घरात आलेला असतो, मिरच्या वाळत पडलेल्या असतात, कुरडयांसाठी गहू भिजत घातलेला असतो, कडब्याची गंजी रचायची असते, आणि परसातल्या वाफ्यांत तण माजलेलं असतं.

डॉक्टरांकडून किंवा मोबाइलवरून मिळणारा सल्ला ठरलेला असतो. धुळीत जाऊ नका, खिडक्या बंद ठेवा, बागकाम टाळा. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या घरात वर्षभराचं धान्य एप्रिलच्या आत कोठीत गेलं पाहिजे, त्या घराला त्याचा उपयोग किती? कामं तर करायचीच आहेत. तेव्हा प्रश्न असा विचारू या: कामं चालू ठेवून नाकाला कसं सांभाळायचं? याबद्दल संशोधनातून बऱ्याच कामाच्या गोष्टी कळलेल्या आहेत, त्या आज सांगते.

'हे फीवर' या नावातच गडबड आहे

इंग्रजीत 'हे' म्हणजे वाळलेलं गवत आणि 'फीवर' म्हणजे ताप. या आजारात ताप येत नाही आणि वाळलेल्या गवताचा दोषही तसा नसतो. लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ साली या त्रासाचं पहिलं नीट वर्णन केलं. तो त्यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात व्हायचा. लोक म्हणायचे, नव्या कापलेल्या गवताच्या वासाने होतो, म्हणून हे नाव पडलं. खरं कारण सापडायला १८७३ उजाडावं लागलं. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घालून पाहिले, काचेच्या चिकट पट्ट्या लावून हवेतले परागकण मोजले, पतंगाला पट्ट्या बांधून उंचावरची हवासुद्धा तपासली. त्यांच्या लक्षात आलं की त्रास वासाचा नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या परागकणांचा आहे.

आजही आम्ही मूळ तेच करतो, फक्त यंत्र सुधारलंय. बर्कार्ड नावाचं एक यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढतं, म्हणजे साधारण माणूस श्वासातून घेतो तेवढीच. ही हवा एका फिरत्या चिकट पट्टीवर आपटते. पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी धरली की मंगळवारी सकाळी दहा वाजता हवेत काय होतं तेसुद्धा वाचता येतं. महाराष्ट्रात औरंगाबादच्या प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास असंच एक देशी यंत्र तयार केलं होतं. ते 'टिळक एअर सँपलर' म्हणून ओळखलं जातं.

नाकात नेमकं काय घडतं?

आपल्या शरीराला काही निरुपद्रवी गोष्टी शत्रू वाटू लागतात. कुणाला परागकण, कुणाला गोधडीतले माइट्स, कुणाला बुरशी. अशा गोष्टीविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवतं आणि ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच परागकण नाकात आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. काही मिनिटांतच खाज, शिंकांची माळ, पाण्यासारखं नाक वाहणं आणि डोळे चुरचुरणं सुरू होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. साधारण चार ते आठ तासांनी दुसरी फेरी येते. तोवर रक्तातल्या इतर पेशी नाकात गोळा झालेल्या असतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. म्हणून दुपारी गहू चाळला तर रात्री झोपताना नाक बंद होतं, आणि आपल्याला वाटतं की रात्रीच्या थंड हवेने झालं. कारण दुपारचं, परिणाम रात्रीचा.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत बरी होते, बऱ्याचदा अंग दुखतं, कणकण येते. ॲलर्जीत ताप नसतो, नाक-डोळे-टाळू यांना खाज असते, आणि त्रास काही आठवडे चालतो किंवा ठरावीक कामानंतर उफाळतो. "माझी सर्दी महिनाभर हटत नाही" असं कुणी म्हणालं तर बहुधा ती सर्दी नसते.

एका कामाचा नव्हे, कामांच्या बेरजेचा त्रास

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन कॉनेल यांनी एक साधा प्रयोग केला. रॅगवीड नावाच्या तणाची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात त्यांनी मोजून परागकण घातले, आणि ओळीने काही दिवस घातले. पहिल्या दिवशी नाक चोंदायला जेवढे परागकण लागले, त्याच्या कितीतरी कमी पुढच्या दिवसांत पुरले. नाक जणू आधीच तापलेलं होतं. याला 'प्रायमिंग' म्हणतात. मधे काही दिवस मोकळे मिळाले की नाक पुन्हा थंडावतं.

आता आपल्याकडचा मार्च आठवा. सोमवारी परसातलं तण काढलं, मंगळवारी गहू पाखडला, बुधवारी मिरच्यांचे देठ काढले, गुरुवारी कोठी झाडली. शुक्रवारी नुसतं अंगण झाडलं तरी वीस शिंका. मग सगळा दोष अंगणाच्या धुळीला! खरं तर नाक चार दिवसांपासून तापत आलेलं असतं, अंगण फक्त शेवटचं.

यात अजून एक भर पडते. सुजलेलं नाक ॲलर्जी नसलेल्या गोष्टींनाही चिडतं. मिरची कांडपाच्या डंकाजवळ प्रत्येकालाच ठसका लागतो. ती ॲलर्जी नव्हे, मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंना झोंबतं. होळीचा धूर, उदबत्ती, चुलीचा धूर, फोडणीचा खाट हेही तसेच. पण नाक आधीच तापलेलं असेल तर हाच ठसका दुप्पट होतो. म्हणजे कामं बंद करायची गरज नाही, ती एकापाठोपाठ येऊ न देण्याची गरज आहे.

आपल्याकडचे खरे गुन्हेगार कोण?

वसंतात पळस, पांगारा, बहावा, गुलमोहर डोळ्यांत भरतात आणि लोक त्यांनाच नावं ठेवतात. ही बिचारी निर्दोष आहेत. रंगीत, मोठी फुलं असतात ती पक्षी-माश्यांना बोलवायला. त्यांचे परागकण जड, चिकट असतात, वाऱ्याने फारसे उडत नाहीत. आंब्याच्या मोहराचा उग्र वास काहींना झोंबतो, पण त्याचेही परागकण मुख्यतः माश्याच नेतात. वाऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्या झाडांना फूल सजवायची गरजच नसते. म्हणून ज्याचं फूल आपल्या नजरेत भरत नाही, त्याच्यावर आधी संशय घ्यावा.

आपल्या भागात असे संशयित बरेच. जिरायती पट्ट्यात आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ, जुन्या रस्त्यांच्या कडेला असलेली वावळ, पाणी मिळेल तिथे वर्षभर तुरे काढणारी हराळी, जनावरांसाठी केलेला मका. मक्याचे परागकण मोठे असतात, त्यामुळे लांब जात नाहीत, पण मक्याच्या फडाशेजारीच घर असेल तर त्रास देतात.

आणि सगळ्यांत वर गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. भारतात याचा बोभाटा सुरू झाला तो आपल्या पुण्यातूनच. १९५५-५६ च्या सुमारास प्रा. परांजपे यांना ते पुण्यात दिसलं आणि १९५६ मध्ये त्याची नोंद छापून आली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. मात्र भारतातल्या वनस्पतिसंग्रहांत एकोणिसाव्या शतकातले नमुनेही सापडले आहेत, म्हणजे ते आधी थोडंफार असावं आणि पन्नाशीनंतर बेफाम पसरलं असावं.

गाजर गवत दोन वेगळ्या प्रकारांनी छळतं, आणि या दोन्हींची गल्लत होते. पहिला प्रकार नाकाचा, आयजीईचा. बंगळूरमध्ये १९८० च्या सुमारास कांचन आणि जयचंद्र या संशोधकांनी मोजलं तेव्हा एका झाडातून सरासरी ६२ कोटींच्या वर परागकण निघत होते. बंगळूरमध्येच १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ७ टक्के लोकांना गाजर गवतामुळे नाकाची ॲलर्जी असल्याचं आढळलं. कॉनेल यांच्या प्रयोगातलं रॅगवीड हे गाजर गवताच्याच कुळातलं. एकाची ॲलर्जी असणाऱ्याचं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणजे इंदापुरात शिंकणारी मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत गेली, तर तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रॅगवीड फुलल्यावर तिला जुनी ओळख पुन्हा पटू शकते.

दुसरा प्रकार कातडीचा. पार्थेनिन नावाच्या रसायनामुळे पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू इथे लालसर, खाजरा पुरळ उठतो. तो लगेच नाही, एक-दोन दिवसांनी येतो. पुण्यातल्या अशा रुग्णांबद्दलचा लोणकर, मिशेल आणि कॅलनन यांचा शोधनिबंध १९७४ चा आहे. या पुरळावर शिंकांच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. त्याला वेगळे उपचार लागतात, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आपला वसंत पंचांगात नाही, आवर्तनात आहे

परदेशी पुस्तकांत परागकणांचं कॅलेंडर ऋतूंवर बेतलेलं असतं. थंडी संपली, झाडं फुलली, शिंका आल्या. बारामती-इंदापूरचा पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. नुसत्या पावसावर सगळं असतं, तर फाल्गुनापर्यंत तण वाळून कोळ झालं असतं. पण इथे नीरा डावा कालवा आहे, चाऱ्या आहेत, ठिबक आहे, शेततळी आहेत. गाजर गवताला ऋतू लागत नाही, ओल लागते. उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येतं.

याचा अर्थ काय? फेब्रुवारीत पाण्याचं आवर्तन आलं, चारीच्या कडेला ओल झाली, तर गाजर गवताची फुलं मार्चमध्ये. पुढचं उन्हाळी आवर्तन एप्रिलमध्ये, तर फुलं मेमध्ये. आपल्या शिंकांचं वेळापत्रक असं कालव्याच्या पाण्याला बांधलेलं आहे. ही तक्रार नाही, उलट सोय आहे. आवर्तनाची तारीख गावात आधी कळते. त्या तारखेत तीन आठवडे मिळवा. त्या आठवड्यात चारीच्या, बांधाच्या, परसाच्या कडेचं गाजर गवत उपटलं तर ते फुलायच्या आत जातं.

मेक्सिकन भुंगे सोडले की झालं, असं काही जण म्हणतात. हे भुंगे १९८३ मध्ये बंगळूरला आणले गेले, पुढच्या वर्षी सोडले गेले, आणि पावसाळ्यात गाजर गवत छान फस्त करतात. पण पावसाळा सरला की ते जमिनीत जाऊन झोपतात ते पुढच्या पावसापर्यंत. फाल्गुन-चैत्रात भुंग्यांच्या भरवशावर राहता येत नाही, तिथे आपले हातच कामाला लावावे लागतात.

बेगमीची कामं: काय, कसं, कोणी

*गहू-ज्वारी.* धान्याच्या धुळीत फक्त माती नसते. कुसाचे तुकडे, बुरशीचे बीजाणू, कोठीतले माइट्स, किड्यांचे अवशेष असं बरंच काही असतं. सगळ्यात जास्त डोस मिळतो तो पाखडताना आणि जुनी कोठी झाडताना. शक्य असेल तर चाळणी मारून देणाऱ्या यंत्रावरून धान्य स्वच्छ करून आणा. घरीच करायचं तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. वारा आपल्या पाठीमागून पुढे जायला हवा, म्हणजे कोंडा तोंडावर येत नाही. जुनी कोठी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात खडखडीत वाळवा. आणि हो, ज्याला ॲलर्जी नाही त्याने चाळावं. सुपाला आणि चाळणीला पुरुषांनी हात लावायला कुठल्याही शास्त्राची मनाई नाही.

*मास्क.* गाजर गवताचे परागकण साधारण १५ ते २० मायक्रॉनचे असतात. दुपदरी ओढणी किंवा साधा मास्कही त्यातले बरेच अडवतो. धान्याची धूळ जास्त बारीक असते, तिथे नाकाला नीट बसणारा एन-९५ चांगला. कोविडमधले उरलेले मास्क या कामी लावा. डोळ्यांना साधा चष्मा किंवा गॉगलही पुष्कळ वाचवतो.

*किडीची औषधं.* इथे जरा कडक बोलते. सेल्फॉससारख्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या कोठीत अजिबात टाकू नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. ही औषधं प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायची असतात, झोपायच्या खोलीशेजारी नव्हे. धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवणं, थंड झाल्यावरच भरणं आणि झाकण घट्ट असलेली पत्र्याची कोठी, एवढ्याने बहुतेक सोंडे-पोरकिडे आटोक्यात राहतात. कमी माइट्स म्हणजे पुढच्या वर्षी धूळही कमी त्रासाची.

*मिरची-मसाला.* देठ काढणं आणि कांडप एकाच दिवशी ठेवू नका. मिरच्यांना किंचित तेलाचा हात लावला की धसका कमी उडतो. डंकावर गर्दी नसलेली वेळ घ्या, आणि तिथे थांबायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

*कुरडया, पापड, शेवया.* ही कामं नाकाच्या दृष्टीने सगळ्यात सौम्य. ओला चीक उडत नाही. म्हणून धुळीच्या दोन कामांच्या मधे ही कामं घाला. नाकाला थंडावायला दिवस मिळतात आणि बेगमी थांबत नाही.

*गोधड्या-वाकळा.* दुपारी कडक उन्हात घाला, संध्याकाळी वारा सुटायच्या आत झटकून घरात घ्या. झटकणारा दुसरा असावा. धुता येण्यासारख्या असतील तर गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास धुतल्यावर माइट्स मरतात. नुसत्या गार पाण्याने बरेचसे तगून राहतात.

समजा, निमगाव केतकीच्या एका काकूंना हे सगळं बसवायचंय. एका आठवड्यात एक धुळीचं काम, मधे दोन-तीन दिवस ओली कामं, आणि आवर्तनानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात तण. कामं तेवढीच होतील, फक्त ती दहा दिवसांऐवजी पाच आठवड्यांवर पसरतील. म्हणजे सुरुवात माघातच करावी लागेल, नाक शांत असताना.

परसबाग बंद करायची का?

मुळीच नाही. फक्त वेळ आणि झाडं जरा बघून घ्यायची. सकाळी ऊन चढू लागलं की परागकोश सुकून फुटतात आणि हवेतले परागकण वाढतात. पहाटे झाडांवर दव असताना किंवा पाणी दिल्यानंतर ओल्यातच काम उरका. ओल्या मातीतून गाजर गवत मुळासकट येतंही पटकन. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. फुलाआधी उपटलेलं असेल तर खड्ड्यात टाकून खत करा. फुलावर, बियांवर आलेलं खतात टाकू नका. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात, त्या खताबरोबर परत वाफ्यात येतील. आणि हिरवं गवत पेटवून धूर करू नका, तो धूरच नाकाला नवा मार. बांधाच्या मोकळ्या कडेला पावसाळ्यात टाकळा वाढू दिला तर तो गाजर गवताला जागा कमी ठेवतो.

काय लावावं? मोठ्या फुलांची, माश्यांवर अवलंबून असणारी झाडं चालतात. जास्वंद, शेवगा, पेरू, डाळिंब, भोपळा, दोडका. झेंडू आणि शेवंती गाजर गवताच्याच कुळातली. त्यांचे परागकण जड असल्याने नाकाला सहसा त्रास नाही, पण ज्यांना गाजर गवताने कातडीवर पुरळ येतो त्यांनी शेवंती-झेंडू उघड्या हातांनी खुडताना जपावं. हराळी तुऱ्यावर येण्याआधीच काढत राहा.

काम झालं की घरात आल्याआल्या हात-तोंड धुवा, कपडे बदला, आणि झोपण्याआधी केसांवरून पाणी घ्या किंवा निदान ओलं फडकं फिरवा. दिवसभराचे परागकण केसांतून उशीवर जातात, हे लक्षात येत नाही.

वळीव आला की पळायचं कुणी?

२१ नोव्हेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये गडगडाटी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक श्वास अडकून दवाखान्यांत गेले. १० जण दगावले. गवताचे परागकण ओल मिळून फुटतात, त्यातले अगदी बारीक कण बाहेर पडतात आणि नाकात न अडकता थेट फुप्फुसांत उतरतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. यातल्या बऱ्याच जणांना आधी फक्त नाकाची ॲलर्जी होती, दमा असल्याचं माहीतही नव्हतं.

आपल्याकडे असं घडलं असा माझा दावा नाही. पण वळवाच्या वेळी आपल्या घरी काय होतं ते आठवा. वारा सुटतो, धुळीचा लोट उठतो, आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्याच मावशी गच्चीवर कुरडया गोळा करायला धावतात, काका कडब्यावर ताडपत्री ओढायला. सगळ्यात वाईट हवेत, धापा टाकत, तोंडाने श्वास घेत. म्हणून एप्रिल-मे मध्ये आधीच ठरवा की वळीव आला तर गच्चीवर कोण जाणार. दम्याचा किंवा ॲलर्जीचा माणूस घरात थांबेल आणि दारं-खिडक्या लावेल. वाळवण खाटेवर, बाजल्यावर घातलं तर ते उचलून आत आणायलाही सोपं.

औषधांची बेगमी

पुढचं सगळं डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नाही.

नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे हा सततच्या त्रासावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय मानला जातो. पण तो पेनकिलरसारखा लगेच काम करत नाही. पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. म्हणून तो रोज घ्यायचा, आणि शक्यतो हंगामाच्या आधीच सुरू करायचा. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे हवं. 'स्टेरॉइड' शब्दाने घाबरू नका, स्प्रेमधली मात्रा अगदी कमी असते. घाबरायचं असेल तर सर्दीसाठी मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांना आणि दर वर्षीच्या 'एका इंजेक्शनला' घाबरा. त्यात काय आणि किती आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुकानात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्याने झोप येते. ती घेऊन कडबा कुट्टी चालवणं किंवा दुचाकीवर भिगवणला जाणं धोक्याचं आहे. झोप कमी आणणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत, तशा मागा. नाक मोकळं करणारे थेंब पाचेक दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उलट नाक कायमचं चोंदल्यासारखं होतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, उपयोगी आहे. मात्र पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा बोअरचं थेट नको. वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण लेकरांना वाफ देताना भाजायचा धोका लक्षात ठेवा. गावरान मधाचं विचाराल तर २००२ मध्ये अमेरिकेत एका चाचणीत स्थानिक मध, बाजारातला मध आणि मधासारखं दिसणारं नकली सरबत अशी तुलना झाली, आणि नाकाला तिन्हींत फरक पडला नाही. मध गोड आहे म्हणून खा.

आणि एक धोक्याची खूण. रात्री खोकल्याची उबळ, छातीत शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना दम लागणं असं असेल तर गोष्ट नाकापुरती राहिलेली नाही. नाक आणि फुप्फुस ही एकच वाट आहे, वरच्या टोकाची सूज खालीही जाते. अशा माणसाला पंप दिलेला असेल तर तो कोठीशेजारच्या फळीवर नव्हे, हाताशी ठेवा, आणि त्याची तारीख व उरलेले डोस होळीआधी तपासा. दवाखाना वीस किलोमीटरवर असलेल्या वस्तीवर हीसुद्धा बेगमीच.

भिंतीवरचं कालनिर्णय वापरा

ॲलर्जीची चाचणी करून घेता आली तर उत्तमच. ती होते ना होते तोवर एक फुकटचं साधन घरात आहे. कालनिर्णयच्या रोजच्या चौकोनात दूध-भाजीच्या हिशेबाशेजारी दोनच गोष्टी लिहा. नाकाचा आकडा ० ते ३ (शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे झोप उडाली), आणि त्या दिवशीचं काम एका शब्दात: गहू, तण, मिरची, गोधडी, वळीव. पाण्याचं आवर्तन आलं त्या तारखेला गोल करा.

दोन महिन्यांनी ते पान बघा. आकडा तीनवर गेला त्या दिवसाकडे नव्हे, त्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांकडे. तिथे कामांची गर्दी दिसेल, किंवा तीन-चार आठवडे मागे एक गोल दिसेल. ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर "वर्षभर सर्दी असते हो" यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळेल. आणि पुढच्या वर्षी माघातच, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून, कुठलं काम कधी आणि कोणाच्या हातचं हे वाटून घेता येईल.